सुपरवायझर म्हणून माणसं आणि काम सांभाळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी ऑपरेटर म्हणून आणि नंतर सुपरवायझर म्हणून आयुष्याची बरीच वर्षं शॉपफ्लोअरवर गेली. नव्याने चार्ज घेतलेली मुलंमुली जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं अनुभवातली आहेत. कुणी नीट अभ्यास केला असेल तिथे तोही सांगितला आहे. बहुतेक प्रश्न खणत गेलं की तळाशी एकच गोष्ट सापडते: जे बोलायला हवं होतं, ते वेळेवर बोललं गेलेलं नसतं.

कालपर्यंत मी यांच्यातलाच होतो. आज यांचाच सुपरवायझर झालोय. वागायचं कसं?

पहिल्या पंधरा दिवसांत माणसं दोनपैकी एका टोकाला जातात. काही जण एकदम ताठ होतात. कालच्या मित्राने नावाने हाक मारली तरी कपाळावर आठ्या. काही जण ‘मी अजून तुमच्यातलाच’ म्हणत ज्याला त्याला सवलती वाटत सुटतात आणि महिन्याभरात स्वतःच अडकतात.

मला जमलं ते असं. मी एकेकाला बाजूला घेऊन दहा मिनिटं बोललो. जवळच्या मित्राला म्हणालो, “आपली दोस्ती आहे ती राहील. पण रजा, ओव्हरटाइम आणि कामाची वाटणी यात तुला वेगळा हिशोब नाही. आणि मी कुणाला झुकतं माप देतोय असं वाटलं, तर मागे बोलू नकोस, तोंडावर सांग.” तो थोडा गप्प झाला, पण पुढे दोघांनाही सोपं गेलं.

एकाशी मात्र सगळ्यांच्या आधी बोला: ज्याला ही जागा आपल्याला मिळेल असं वाटत होतं, त्याच्याशी. मस्का लावू नका आणि सांत्वनही करू नका. “तुझंही नाव होतं हे मला माहीत आहे, तुला लागलं असणार,” एवढं म्हणा आणि ऐका. हे बोलणं टाळलं की तो माणूस सहा महिने प्रत्येक बदलात खोड काढत राहतो, आणि आपण म्हणतो, याचा स्वभावच तसा.

काही गोष्टी सोडाव्याच लागतात. वरिष्ठांच्या नकला आणि गैरहजर माणसाची निंदा या त्यातल्या पहिल्या दोन. तुमच्या तोंडून निघालेलं आता गप्पा म्हणून ऐकलं जात नाही.

माझं काम उत्तम होतं म्हणून तर बढती मिळाली. मग त्रास कशाचा होतो?

त्याच उत्तम कामाचा.

माझा किस्सा सांगतो. पॅकिंग लाइनवरचं सीलिंग मशीन अडकलं होतं. ऑपरेटर चिकटलेली फिल्म ओढत होता आणि जॉ (म्हणजे फिल्म दाबून चिकटवणारा मशीनचा तापणारा जबडा) अजून तापलेला होता. चूक मला तीन पावलांवरून दिसत होती. मी त्याला बाजूला सारलं, हीटर बंद केला, जॉ जरा थंड होऊ दिला, पितळी ब्रशने चिकटलेलं प्लास्टिक घासून काढलं. लाइन सुरू. आजूबाजूच्या दोघांनी ‘वा साहेब’ केलं, मी खूश.

पुढच्या आठवड्यात तेच मशीन पुन्हा अडकलं. या वेळी तो हात मागे बांधून उभा राहिला. मी दुसऱ्या टोकाला गाडी भरून घेत होतो. मला निरोप पोचून मी येईपर्यंत लाइन पंचवीस मिनिटं बंद. मी चिडून विचारलं, “ब्रश कुठेय माहीत आहे ना?” तो शांतपणे म्हणाला, “आहे की. पण मागच्या वेळी तुम्हीच मला बाजूला केलंत.”

त्या चार मिनिटांत मी मशीन दुरुस्त केलं आणि माणूस बिघडवला. आता हात शिवशिवले तरी मी ते पाठीमागे ठेवतो आणि विचारतो, “आधी काय बंद करशील?” वेळ जास्त लागतो, पण पहिल्या एक-दोन खेपांनाच. अपवाद फक्त धोक्याचा: कुणाचा हात अडकू शकतो, आग लागू शकते, तिथे शिकवणी बंद. आधी मशीन थांबवा.

बढतीच्या या गमतीवर शिक्षणतज्ज्ञ लॉरेन्स पीटर यांनी १९६९ साली बोट ठेवलं होतं: आताचं काम चांगलं करतो म्हणून माणसाला वर चढवत जातात, आणि शेवटी तो अशा खुर्चीत पोचतो जिथलं काम त्याला जमत नाही. हे त्यांनी विनोदाच्या अंगाने मांडलं होतं. त्या खुर्चीत बसल्यावर हसू कमी येतं.

मी काम नीट सांगतो. माणसं मान डोलवतात आणि करतात भलतंच. असं का?

तुम्ही शेवटी “समजलं का?” असं विचारता का? विचारत असाल तर ते बंद करा. या प्रश्नाला ‘हो’ याखेरीज उत्तर नसतं. नाही म्हणणारा स्वतःलाच मठ्ठ ठरवतो, तेही चारचौघांत. त्याऐवजी म्हणा, “मी काही सांगायचं विसरलो का बघू; तू आता काय काय करणार ते मला सांग.” राहून गेलेलं तिथल्या तिथे उघडं पडतं, आणि दोष तुमच्या सांगण्यावर जातो, त्याच्या ऐकण्यावर नाही.

शिकवण्याची याहून पक्की पद्धत जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांमधले अनुभवी हात सैन्यात गेले आणि त्यांच्या जागी कारखान्याचं तोंडही न पाहिलेली माणसं आली. त्यांना झटपट तयार करायचं होतं. म्हणून १९४० ते १९४५ या काळात ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा कार्यक्रम चालवला गेला. १६ लाखांहून जास्त लोकांना त्यात प्रमाणपत्रं मिळाली. युद्धानंतर तो जपानमध्ये गेला आणि टोयोटानेही तो उचलला.

त्यातलं काम शिकवण्याचं तंत्र चार पायऱ्यांचं आहे. आधी माणसाला मोकळं करायचं, त्याला या कामाबद्दल काय येतं ते विचारायचं. मग एकेक पायरी करून दाखवायची, आणि नुसतं ‘असं कर’ न म्हणता कुठे जपायचं आणि का, तेही सांगायचं. तिसऱ्या पायरीत काम तो करतो आणि करता करता ते जपायचे मुद्दे तोच बोलून दाखवतो. चौथीत त्याला एकट्याला सोडायचं, अडलं तर कुणाला विचारायचं ते सांगायचं, आणि सुरुवातीला वरचेवर, मग हळूहळू कमी वेळा चक्कर मारायची. आपल्याकडे (मी धरून) दुसरी पायरी अर्धी होते आणि बाकीच्या तीन होतच नाहीत. त्या कार्यक्रमात एक वाक्य घोटवून घेत: शिकणारा शिकला नसेल, तर शिकवणाऱ्याने शिकवलंच नाही.

‘का’ सांगणं हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. “खोके पाचच्या वर रचू नकोस” हे माणूस गर्दीच्या दिवशी विसरतो. “सहावा चढला की तळचा चेपतो आणि माल परत येतो” हे विसरत नाही.

चूक दाखवायची ती सगळ्यांसमोर की एकट्यात?

एकट्यात. आणि त्याच दिवशी. आठवडाभर साठवून ठेवलेली चूक सांगायला गेलात की बोलण्यात आठवडाभराचा राग उतरतो.

पण कुठे बोलता याहून कशाबद्दल बोलता हे महत्त्वाचं. क्लुगर आणि डेनिसी या दोन संशोधकांनी १९९६ साली फीडबॅकवरचे बरेच अभ्यास एकत्र करून तपासले. सरासरी पाहिली तर फीडबॅकने काम सुधारतं. पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा काम उलट बिघडलेलं दिसलं. त्यांचं म्हणणं असं की बोलण्याचा रोख कामावरून माणसाच्या स्वतःवर सरकला की फायदा घटत जातो. ऐकणारा मग काम सुधारण्याऐवजी स्वतःला सावरण्यात गुंततो.

“तुझं लक्षच नसतं” हे माणसाबद्दल झालं. “आजच्या तीन चलनांवर गाडीचा नंबर राहिलाय” हे कामाबद्दल झालं. दुसऱ्या वाक्यावर वाद घालायला जागाच नाही. चलन समोर ठेवायचं आणि गप्प बसायचं. तो गप्प बसण्याचा अर्धा मिनिट फार अवघड जातो. आपण तो भरून काढायला काहीतरी बोलतो आणि नेमकं तिथे घसरतो.

आणि आधी गोड, मग कडू, मग पुन्हा गोड असं सँडविच करू नका. माणसांना ते चटकन कळतं, आणि मग तुम्ही खरंच कौतुक करायला गेलात तरी ती पुढच्या ‘पण’ची वाट पाहत उभी राहतात.

कौतुक केलं तर माणसं डोक्यावर बसत नाहीत का?

नाही. पोकळ कौतुकाने कुणी सुधारत नाही, एवढं खरं. “छान चाललंय” याला काही अर्थ नाही. “काल गाडी उशिरा आली तरी तू कागद आधीच तयार ठेवलेस, म्हणून आपण वेळेत सुटलो” यातून त्याला कळतं की तुम्ही पाहिलंत. उद्याही तो कागद तयार ठेवतो.

माणसं चुका लपवतात. मला सगळ्यांत शेवटी कळतं. काय करू?

मागच्या वेळी ज्याने स्वतःहून चूक सांगितली, त्याचं काय झालं होतं ते आठवा. बाकीच्यांना ते पक्कं आठवतंय.

एमी एडमंडसन या संशोधिकेने हॉस्पिटलमधल्या नर्सिंग टीम्सचा अभ्यास केला, तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. चांगल्या टीममध्ये औषध देण्यातल्या चुका कमी सापडतील अशी अपेक्षा होती. आकडे उलटे आले: जिथे वातावरण चांगलं, तिथे नोंदवलेल्या चुका जास्त. खोलात गेल्यावर उलगडा झाला की तिथली माणसं चुका जास्त करत होती असं नाही, ती त्या मोकळेपणाने सांगत होती. तेव्हा तुमच्या विभागात महिनोन्‌महिने एकही चूक कळवली जात नसेल, तर फार खूश होऊ नका.

टोयोटाच्या असेंब्ली लाइनवर डोक्यावर दोरी असते (आता काही कारखान्यांत तिच्या जागी बटण आलं आहे). काही बिनसलं की कामगाराने ती ओढायची. दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो, ठरलेल्या वेळात प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबते. दोरी कुणीही लटकवू शकतो. अवघड असतं ते धावत येणाऱ्याच्या चेहऱ्यावर आठी नसणं. मी स्वतःला एक सवय लावून घेतली: कुणी चूक सांगायला आला की तोंडातून पहिला शब्द ‘बरं झालं सांगितलंस’ हाच. राग आलेला असतो. तो दुसऱ्या वाक्यापर्यंत थोडा उतरतो.

मुद्दाम नियम मोडणारा आणि चुकणारा यांना मात्र एकाच तराजूत तोलू नका. गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून बसवलेलं कव्हर, काढून मशीन चालवणं ही नुसती चूक नाही, तो मुद्दाम मोडलेला नियम आहे. तिथे नियमाप्रमाणे कारवाई, आणि ती सगळ्यांना सारखी.

वयाने आणि अनुभवाने मोठा माणूस माझ्या हाताखाली आहे. त्यांना काम सांगायलाच संकोच वाटतो.

संकोच लपवायला आपण आवाज चढवतो, आणि तिथेच सगळं फिसकटतं. माझ्या पहिल्या टीममध्ये एक काका होते. मशीनचा आवाज ऐकून ते बेअरिंग कधी जाणार हे सांगायचे. महिनाभर मी त्यांच्याशी चिठ्ठीने कारभार केला: कामाचा कागद टेबलावर ठेवायचा आणि सटकायचं. एके दिवशी त्यांनीच मला थांबवलं. “कागद कशाला ठेवता? या, बसा, काय हवंय सांगा. मी काही खात नाही तुम्हाला.”

‘अहो-जाहो’ सोडू नका आणि निर्णयही सोडू नका. दोन्ही एकत्र चालतं. “काका, हा माल उद्या दुपारपर्यंत निघायला हवा. कसा काढायचा ते तुम्ही सांगा.” काय आणि केव्हा हे तुमचं, कसं हे त्यांचं. त्यांचा सल्ला घेतलात तर तो काकांचा होता हे चारचौघांत सांगा.

एक जण सतत उशिरा येतो. किती वेळा सांगायचं?

“तुम्ही नेहमीच उशिरा येता” असं म्हणालात की तो वेळेवर आलेला एक दिवस काढून दाखवेल. वही उघडा. “या पंधरवड्यात चार दिवस वीस मिनिटांच्या वर उशीर झालाय. सोमवारी रात्रपाळीच्या माणसाला तुमच्यासाठी थांबावं लागलं. काय अडचण आहे?”

मग ऐका. कधी कधी खरंच घरी आजारपण असतं, आणि पाळी बदलून देता येते. कधी नुसतीच सवय असते. दोन्हीत शेवटी एकच ठरवायचं: कोणत्या तारखेपासून काय बदलणार, आणि पुन्हा कधी बसायचं. त्या दिवशी दोन ओळींची नोंद करा: तारीख, काय बोललो, काय ठरलं. ही नोंद पोलिसगिरी म्हणून नको. पुढे प्रकरण लेखी ताकिदीपर्यंत गेलं, तर ‘मला कधी कुणी सांगितलंच नाही’ हे वाक्य येतंच, आणि तेव्हा तुमच्याकडे आठवणीशिवाय काही नसतं. लेखी कारवाईची वेळ आली तर ती एचआरला विचारून, कंपनीच्या नियमाप्रमाणेच करा. रागाच्या भरात मेमो लिहू नका.

आणि वेळेवर येणाऱ्यांकडेही पाहा. उशिरा येणाऱ्याला तुम्ही काहीच बोलत नाही, हे ते रोज मोजत असतात.

‘तुमचे मर्जीतले ठरलेले आहेत’ असं माझ्याबद्दल बोललं जातं. मी तर सगळ्यांना सारखं वागवतो.

प्रत्येक सुपरवायझर असंच म्हणतो. एकदा मागच्या तीन महिन्यांचा ओव्हरटाइम, रजा आणि जड कामांची वाटणी नावानिशी कागदावर मांडा. मी मांडली होती, आणि मान खाली गेली. जो कुरकुर करत नाही, त्यालाच प्रत्येक वेळी नकोसं काम जात होतं. मर्जीतला असा कुणी नव्हता. पण सोसणारा एक ठरलेला होता.

वार्षिक मूल्यमापनात आणखी एक खड्डा आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली दाखवलं की लष्करी अधिकारी हाताखालच्या माणसांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य असे वेगवेगळे गुण देतात, तेव्हा ते गुण एकमेकांशी नको इतके जुळतात. माणूस एका बाबतीत आवडला की सगळीकडेच चांगला दिसायला लागतो. यावर साधा उपाय: एका माणसाचा पूर्ण फॉर्म भरण्याऐवजी एक मुद्दा घ्या, त्यावर सगळ्यांना गुण द्या, मगच पुढच्या मुद्द्याकडे जा. आणि वर्षभर वहीत लिहिलेलं समोर ठेवा. नाहीतर शेवटच्या महिन्यावरच सगळं वर्ष ठरतं.

दोघांचं पटत नाही, रोज माझ्याकडे गाऱ्हाणी येतात.

एकाचं ऐकून दुसऱ्याबद्दल मत बनवू नका, आणि निरोप्याही होऊ नका. दोघांना समोरासमोर बसवा आणि फक्त कामापुरतं बोला: कुणी काय केव्हा द्यायचं. त्यांची मैत्री व्हायलाच हवी असं काही नाही. भांडणाचं मूळ बऱ्याचदा तुमच्याच अर्धवट सांगण्यात सापडतं, म्हणजे एकच काम दोघांना दिलेलं किंवा कुणालाच न दिलेलं.

छळाची किंवा लैंगिक त्रासाची तक्रार असेल तर मात्र समोरासमोर बसवायचं नाही, मिटवामिटवी करायची नाही, गावभर करायचं नाही. ऐकून घ्या, लिहून घ्या, ज्या समितीकडे किंवा अधिकाऱ्याकडे ते काम आहे तिथे त्याच दिवशी पोचवा. कामाच्या ठिकाणच्या हिंसा आणि छळाविरुद्ध आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ साली १९० क्रमांकाचा करार संमत केला. हा विषय ‘आपापसात मिटवा’ म्हणण्याच्या पलीकडचा आहे.

वरून दट्ट्या, खालून कुरकुर. मधल्यामध्ये माझं भरीत होतं.

होणारच, जागाच ती आहे. पण ‘काय करणार, वरून ऑर्डर आलीय’ असं म्हणून हात झटकू नका. हे वाक्य चार वेळा ऐकलं की माणसं विचार करतात: मग हा मध्ये कशाला?

टार्गेट अशक्य वाटत असेल तर वरिष्ठांना ते आधीच सांगा, आणि आकड्यांत सांगा. “जमणार नाही” याला ‘जमवा’ हेच उत्तर मिळतं. “दोन मशीनपैकी एक गुरुवारपर्यंत दुरुस्तीत आहे. एकावर एवढा माल निघतो. उरलेल्यासाठी रविवारची पाळी द्या किंवा तारीख दोन दिवस पुढे घ्या” याला निर्णय द्यावा लागतो. महिन्याच्या शेवटच्या दिवशी सांगितलंत, तर तुमची बाजू खरी असूनही तुम्हीच दोषी.

टीमला बदल सांगताना तो लागू होण्याआधी सांगा. नोटीस बोर्डावर वाचून कळलेला चांगला बदलसुद्धा अपमानासारखा लागतो.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सूचना दिल्या तर चालतं का?

पाळीची वेळ, गाडीचा नंबर, सुट्टीचा बदल यासाठी चालतं. कुणाची चूक, कुणाची तुलना, रात्री साडेदहाची चौकशी यासाठी मुळीच नाही. निळ्या दोन खुणा म्हणजे समजलं असं नव्हे.

घरून काम करणाऱ्यांवर लक्ष कसं ठेवायचं?

माणूस ऑनलाइन आहे हे दाखवणारा चॅटवरचा हिरवा ठिपका मोजू नका. बुधवारी काय हातात पडायला हवं, ते कसं असलं की ‘झालं’ म्हणायचं, आणि अडलं तर किती वेळात कळवायचं, या तीन गोष्टी आधी ठरवा. समोर बसलेल्या माणसाचा उतरलेला चेहरा आपल्याला आपोआप दिसतो. दूरच्या माणसाला आठवड्यातून एकदा फोन करून विचारावं लागतं. त्या फोनवर कामाची यादी वाचू नका.

किती माणसं एका सुपरवायझरने सांभाळावीत?

एकच आकडा नाही. सगळे एकच काम करत असतील आणि जुने असतील तर तीसही जमतात; काम गुंतागुंतीचं आणि माणसं नवी असतील तर आठही जड जातात. टोयोटात टीम लीडरकडे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच माणसं ठेवतात, कारण दोरी ओढली की त्याला लगेच पोचायचं असतं.

रोजच्या धावपळीत एकच सवय लावायची असेल तर कोणती?

पाळी सुरू झाल्यावर पहिला अर्धा तास जागेवर फिरणं, आणि फिरताना फोन खिशात ठेवणं. टोयोटाची उत्पादनपद्धत घडवणारे तैइची ओनो जमिनीवर खडूने वर्तुळ काढून माणसाला त्यात तासन्‌तास उभं करत, फक्त बघायला, असं सांगतात. तेवढं आपल्याला जमायचं नाही. दहा मिनिटं एका जागी उभे राहून बघा. कोण कशासाठी किती वेळा चालतंय, कुणाचं कशावाचून अडलंय, ते दिसतं. आमच्याकडे एक मुलगी टेपचा रोल आणायला दर तासाला स्टोअरपर्यंत जात होती, कारण एका वेळी एकच रोल द्यायचा असा कुणीतरी कधीतरी काढलेला नियम होता. तिने तक्रार केली नव्हती. कुणी विचारलंच नव्हतं.

पाळी बदलताना मात्र रजिस्टरवर विसंबू नका. ‘मशीन ओके’ या दोन शब्दांखाली मी भलभलती प्रकरणं दडलेली पाहिली आहेत. दोन्ही पाळ्यांचे सुपरवायझर पाच मिनिटं मशीनपाशी उभे राहून बोलले, तर निम्मे ब्रेकडाउन आधीच कानावर येतात.

मी सुधारतोय की नाही, हे कसं कळणार?

तुम्ही आत आल्यावर बोलणं थांबतं का, ते बघा. तुमच्या कानावर वाईट बातमी किती लवकर येते ते बघा: घडल्यावर तासाभरात, की ग्राहकाचा फोन आल्यावर. आणि चार दिवसांची रजा घ्या, फोन घरी ठेवून. परत आल्यावर टेबलावर काय वाट पाहतंय ते मोजा. माझ्या पहिल्या रजेनंतर एकवीस चिठ्ठ्या होत्या, प्रत्येकीवर ‘साहेब आल्यावर विचारणे’. गेल्या खेपेला तीन होत्या. एक सीलिंग मशीनची होती: “अडकलं होतं. काढलं. ब्रश झिजलाय, नवा मागवा.”